चार बिजागऱ्या

सुरुवातीलाच माफी मागते. माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट. नांदगाव खंडेश्वरच्या बाजूला माझं माहेर, तिथल्या शाळेत मी चौथीपर्यंत शिकले. वर्गात मुली आम्ही तिघीच. ऱ्हस्व-दीर्घ तेव्हाही जमत नव्हतं. आता तर फुलं ओवून ओवून हाताला सुईचीच सवय झाली, टाक नीट धरता येत नाही. तेव्हा चुका दिसल्या तर सांभाळून घ्यावं.

'घ्यावं' कुणी, हे मलाही ठाऊक नाही. माझा भाऊ अमरावतीला असतो. दिवाळीला येताना तो जुन्या मासिकांचा गठ्ठा आणतो. त्यात एका सदरात लोक आपापले अनुभव लिहितात – कुणाला काय दिसलं, कुणाला काय ऐकू आलं. बहुतेकांच्या गोष्टीत वडाचं झाड असतं, अमावास्या असते. मी वाचते आणि मनात हसते. माझा अशा गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. माझे वडील म्हणायचे, भुताला कामधंदा नसतो, माळ्याला असतो – भेट व्हायची कशी?

पण एक गोष्ट माझ्याही घरात घडली. तीत वड नाही, अमावास्या नाही. भर दुपारची गोष्ट आहे आणि ती एका दाराची आहे. मी ती कुठं पाठवणार नाही. जुन्या वहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवते, एवढंच.

आमचं घर बाळापूरच्या अलीकडं, नदीकाठच्या मळ्यात. शेवंती, झेंडू, मोगरा आणि भाजीपाला. घरात सासरे, म्हणजे मामाजी, सासूबाई – त्यांना मी आत्याबाई म्हणते – आमच्या घरचे, म्हणजे माझे यजमान, आणि मी. माझं लग्न ठरलं तेव्हा मामाजींनी अंगणाच्या कडेला एक नवी खोली काढली. सुताराकडून सागाचं दोन फळ्यांचं दार केलं. त्याला चार बिजागऱ्या, घडीव लोखंडाच्या, लांब पट्टीच्या, टोकाला पिंपळपानासारख्या. त्या गोविंदा लोहारानं केल्या होत्या.

लग्नाच्या वर्षी ते दार वाजत नव्हतं. मला पक्कं आठवतं, कारण मी भारी लाजाळू. पहाटे खोलीतून बाहेर येताना कुणाला कळू नये असं वाटायचं आणि ते दार तेव्हा खरंच कुणाला कळू देत नसे. पुढं कधीतरी ते वाजायला लागलं. नक्की कधी, ते सांगता येणार नाही.

वाजायला लागलं म्हणजे साधं कुरकुरणं नव्हे. आधी बारीक, मग चढत जाणारं आणि शेवटी कुणी गळा दाबल्यासारखं तुटणारं. मी बाहेर पडले की आत्याबाई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणायच्या, "उठली माय आमची सून! बाळापूरच्या किल्ल्यावर बी समजलं असंन." मजूर बायका हसायच्या. मी मान खाली घालून कामाला लागायची. लाज वाटायची, पण चालायचं.

माझं पहिलं मूल आठ महिन्यांचं होऊन गेलं. त्यावर मी इथं जास्त लिहीत नाही. मग दोन वर्षांनी पौषात इंदू झाली आणि त्या दाराचा प्रश्न लाजेचा राहिला नाही.

इंदू फार हलक्या झोपेची. दार वाजलं की दोन्ही हात ताणून दचकायची आणि रडायला लागली की तास तास थांबायची नाही. चैत्र लागला. आमच्याकडं चैत्र-वैशाखात दुपारचं वारं म्हणजे भट्टीचं तोंड. लेकरू सावलीत, बंद खोलीतच ठेवावं लागतं, दार उघडं टाकायची सोय नाही. आणि मला तर दर घटकेला बाहेर यावं लागे – फुलांच्या पाट्यांवर ओलं फडकं टाकायचं, मजुरांना पाणी द्यायचं, वेण्या ओवायच्या. दर खेपेला ते दार. पाचव्या महिन्यात पोरीची मांडी माझ्या मनगटाएवढी झाली.

बाळापूरच्या वैद्यांना दाखवलं. ते म्हणाले, "औषधाचं काम कमी आहे. या मुलीला झोप द्या. झोपेवाचून सुकते आहे ती."

मला पहिल्याचे शेवटचे दिवस आठवले. तोही असाच सुकला होता.

मग घरात दाराचं काम निघालं. नव्या बिजागऱ्या आणाव्या म्हटलं तर लढाई चालू होती, अकोल्याच्या बाजारात खिळा मिळायची मारामार. आहे त्याच दुरुस्त करायच्या. आधी करडईचं तेल सोडलं. दोन दिवस आवाज जरा बसला, तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच. आत्याबाई म्हणाल्या, करडई पातळ पडते, जवसाचं घाला. आमच्या घरच्यांनी पळीभर जवसाचं तेल बिजागऱ्यांत ओतलं. आता, जवसाचं तेल आम्ही जेवणात रोज खातो, पण ते वाळलं की डिंक होतो हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. चार दिवसांनी दार असं आवळलं की उघडायला खांदा लावावा लागे आणि आवाज रेड्यासारखा.

मामाजी ओट्यावर बसून विडी ओढत होते. म्हणाले, "करडई झाली, जवस झाला. आता जिरं-मवरी टाका अन् फोडनीच द्या त्या बिजागरीले."

आमच्या घरचे इरेला पेटले. त्यांनी दोन्ही फळ्या उचलून बिजागऱ्यांतून काढल्या आणि अंगणात बाजेवर ठेवल्या. मी चिंच आणि राख घेऊन चारी बिजागऱ्या तांब्याची भांडी घासावी तशा घासल्या, डिंक निघाला, गंज निघाला. मग गाडीच्या आसाला लावायचं वंगण – एरंडेल आणि काजळी – बोटानं आतपर्यंत भरलं. फळ्या परत चढवल्या. घरचे म्हणाले, "आता नाही वाजत हे. वाजलं तं मिशी काढतो."

दार ढकललं. वाजलं!

आतून इंदू रडायला लागली. त्यांनी मिशी काही काढली नाही, पण त्या दिवशी जेवताना ते कुणाशी बोलले नाहीत.

वैशाखाच्या शेवटी ठकूबाई आली. ही गोविंदा लोहाराची बायको. गोविंदा आमच्या लग्नानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात तापानं गेला. त्याची भट्टी तेव्हापासून बंद. ठकूबाई दिराकडून विळे-खुरपी घ्यायची आणि पेरणीच्या आधी मळ्यामळ्यातून विकायची. आमच्याकडं ती इतक्या वर्षांत आली नव्हती. त्या दिवशी उन्हानं बेजार होऊन आली असावी. आत्याबाईंनी तिला पाणी दिलं. खुरप्यांचा भाव चालला होता, तेवढ्यात आतून इंदूची चुळबुळ ऐकू आली. माझे हात चिखलाचे होते.

"बस तू, मी पाहतो पोरीले," म्हणून ठकूबाई उठली आणि खोलीत गेली.

मी हात धुतले, पुसले आणि मग माझ्या ध्यानात आलं... दार वाजलं नव्हतं.

थोड्या वेळानं ठकूबाई बाहेर आली. दार ओढून घेतलं. तेव्हाही नाही. "थापटलं तं झोपली बापा," ती म्हणाली.

मी स्वतः जाऊन दार ढकललं. बारीक, चढत, तुटत – नेहमीचा आवाज. इंदू दचकून रडली.

आत्याबाई ओरडल्या, "अवं झोपली होती ना! काहून गेलीस?"

मी इंदूला मांडीवर घेतलं आणि ठकूबाईला म्हटलं, "मावशी, एकदा दार उघडून दाखवता?"

तिला वाटलं मी खुळी आहे. पण उठली, उघडलं, लावलं. पुन्हा उघडलं. काही नाही. फळी नुसती हवेतून फिरावी तशी फिरली. आत्याबाईंच्या हातातलं खुरपं हातातच राहिलं.

आता कुणी म्हणेल, लोहाराची बायको, तिला युक्ती ठाऊक, दार किंचित उचलून ढकलत असेल. हे मलाही सुचलं होतं. मी तिच्या हाताशी हात लावून पाहिला, ती काही उचलत नव्हती. नंतर मी स्वतः उचलून पाहिलं, दाबून पाहिलं, सावकाश, झटक्यानं. माझ्या हातून वाजायचंच.

ठकूबाई बिजागरीच्या टोकावरून बोट फिरवत होती. "हे पान त्याच्याच हातचं," ती म्हणाली. "असं पान दुसऱ्या कोनाले जमे नाई. लोखंड अकोल्याहून आनलं होतं, चालत गेला अन् चालत आला. गाडीभाड्याले पैसे उरले नोते."

मी विचारलं, "याचे पैसे मिळाले होते ना, मावशी?"

ती खुरपी बांधायला लागली. "जाऊ दे ना पोरी. जुनी गोष्ट हाय." मी तिची वाट अडवून उभी राहिले, आयुष्यात पहिल्यांदाच. तेव्हा म्हणाली, "तीन रुपये सांगत होता. तुझ्या सासऱ्यानं बलुत्यात धरले."

आणि मला आठवलं.

लग्नानंतरच्या माघातली गोष्ट. अंगणासमोरच्या खळ्यात ज्वारीची रास होती आणि बलुतेदार आपापला वाटा न्यायला आले होते. मी खोलीच्या दाराआड उभी राहून फटीतून पाहत होते. गोविंदानं पासोडी पसरली, मामाजींनी पायल्या मोजून टाकल्या. गोविंदा हळूच म्हणाला, "भाऊ... अन् त्या बिजागऱ्यांचं?" मामाजी रास सावरता सावरता म्हणाले, "त्यातच आलं ना सारं." मामाजींच्या मनात पाप नव्हतं, हे मी आजही सांगते. लोहार वर्षभर आपलं लोखंडाचं काम करतो आणि आपण त्याला ज्वारी देतो, एवढाच त्यांचा विचार. पण बलुतं असतं ते वखर, डवरा, विळे यांच्या दुरुस्तीचं. घराचं नवं काम त्यात येत नाही आणि लोखंड तर त्यानं पदरचं आणलेलं. गोविंदानं तोंड उघडलं, मग मिटलं. पासोडीची गाठ मारली, सोडली, परत मारली आणि गेला.

ती गाठ मला चांगली ओळखीची होती. ज्याला बोलायचं असतं पण बोलवत नाही, त्याचे हात असेच काहीतरी करत राहतात. मी ते पाहिलं, समजले आणि दार लावून घेतलं. नव्या नवरीनं काय बोलायचं?

त्या दिवशी लावताना ते वाजलं का? मी खूप आठवून पाहिलं. नाही सांगता येत.

रात्री घरच्यांना सगळं सांगितलं. ते हसले. "दाराले बी हिशोब समजते का आता?" पण मी वेण्यांच्या पैशातले दोन आणे पुढं केले तेव्हा त्यांनी ते घेतले. वेण्या मी ओवते, ते बाळापूर-अकोल्याच्या बाजारात विकतात आणि आठवड्याला दोन-तीन आणे माझ्या हातावर ठेवतात. ते मी इंदूच्या वाळ्यांसाठी जमवत होते. आता दर बाजाराला दोन आणे ठकूबाईच्या घरी जाऊ लागले. मामाजींना सांगायची दोघांचीही छाती नव्हती. त्यांच्या नावावर आयुष्यात कुणाचं देणं नव्हतं आणि ते ही गोष्ट मानानं सांगायचे.

मला वाटलं होतं, पहिले दोन आणे गेले की आवाज थांबेल. थांबला नाही. आठ आणे झाले, रुपया झाला, दार वाजतच होतं. मला माझ्या खुळेपणाचं हसूही आलं. पण देणं थांबवलं नाही. दार वाजो न वाजो, पैसे खरेच द्यायचे होते. पावसाळ्यात दार उघडं ठेवता यायचं, म्हणून इंदू जरा झोपली, जरा भरली. पण दसऱ्यानंतर तिला हिवताप आला. गार वारं लागू नये म्हणून खोली पुन्हा बंद, आणि दर वाजण्याला ती तापात दचकायची. रडायचीसुद्धा नाही आता, नुसती डोळे उघडायची. पहिल्याचंही शेवटी असंच झालं होतं.

त्याच दिवसांत ठकूबाई विळे घेऊन आली. मामाजी ओट्यावर होते. तिनं साधेपणानं सांगून टाकलं, "भाऊ, तुमच्या सुनेनं दोन रुपये पोचवले बरं का. देव तिचं भलं करो."

मामाजी उठून उभे राहिले. आमच्याकडं सासरा सुनेशी सरळ बोलत नाही. आत्याबाई अंबाडी निवडत माझ्याशेजारी बसल्या होत्या, दोन हातांवर. मामाजी त्यांच्याकडं तोंड करून म्हणाले, "विचार तिले, कशाचे दोन रुपये?"

आत्याबाईंनी अंबाडी खाली ठेवली. मला काही विचारलं नाही, उलट त्यांनाच म्हणाल्या, "बिजागऱ्यांचे."

"सांग तिले, बलुतं दिलं होतं मी! पायल्या मोजून दिलं होतं. माह्या घरच्या सुनेनं लोकाच्या घरी पैसे पाठवावे, म्हनजे मी काय बुडव्या झालो का? विचार तिले, कोन सांगतलं तिले हे?"

मी उभी राहिले. पदर डोक्यावर ओढून घेतला आणि सरळ त्यांच्याशीच बोलले. लग्नानंतर पहिल्यांदा.

"कोनी नाही सांगतलं, मामाजी. मी पाह्यलं होतं. त्यानं विचारलं होतं तुमाले, खळ्यात. मी दाराच्या मागं होती. मी बोलली नाही. तो बी परत बोलला नाही."

मळ्यातली मोट तेवढी चालू होती.

मग मामाजी ओट्यावरून उतरले आणि खोलीकडं गेले. सुनेच्या खोलीच्या दाराला सासऱ्यानं हात लावायचा नाही, बाहेरूनच खाकरायचं, अशी रीत. त्या दाराला त्यांनी ते बसवल्यापासून हात लावला नव्हता. त्या दिवशी लावला. ढकललं.

इतका लांब आवाज मी त्या दाराचा ऐकला नव्हता. आत इंदूनं डोळे उघडले. मामाजींनी आपला हात काढून घेतला आणि त्याकडं पाहत राहिले.

"ठकू," ते म्हणाले, "तू उघड."

तिनं उघडलं. लावलं. काही आवाज नाही.

मामाजी पुन्हा ओट्यावर येऊन बसले. विडी काढली, पेटवली नाही. म्हणाले, "त्यानं विचारलं होतं, हे खरं हाय. आता आठवलं." आणि मग ठकूबाईला, "सकाळी घरीच राहा. येतो मी."

पुढचं आधी लिहून टाकते, कारण शेवटी मला दुसरं लिहायचं आहे. दुसऱ्या दिवशी आम्ही ठकूबाईकडून परत आलो, मी इंदूला झोपवलं आणि बाहेर येताना नेहमीसारखी मान आक्रसून दार ओढलं. ते वाजलं नाही. दुपारी कितीदा तरी आत-बाहेर केलं, नाही वाजलं. इंदू दिवे लागेपर्यंत झोपली. मी दोन वेळा तिच्या नाकाशी बोट धरून पाहिलं. चौथ्या दिवशी ताप उतरला. आज ती चार वर्षांची आहे, अंगणात धुमाकूळ घालते आणि त्याच दाराला लोंबकळते. त्याला त्यानंतर तेल घातलेलं नाही.

घरचे म्हणतात, पावसाळ्यात फुगलेलं लाकूड सुकलं असेल आणि वंगण उशिरा मुरलं असेल. असेलही. पण सुकायला त्याला तोच एक दिवस कसा सापडला? आणि ठकूबाईच्या हाताखाली वैशाखातच ते मुकं कसं होतं? मी पुष्कळ विचार केला. मला उत्तर सापडलेलं नाही, आणि आता मी ते शोधतही नाही. आत्याबाई एवढंच म्हणतात, "सून उठली का निजली, काई समजत नाई आता."

तर त्या सकाळची गोष्ट. मामाजींनी धुतलेलं धोतर नेसलं, पागोटं बांधलं, लग्नाला निघाल्यासारखं. मला म्हणाले – मला, सरळ – "पोरीले घे अन् चाल. तू सुरू केलं, तू पाह्यजेस." मी इंदूला शालीत गुंडाळलं आणि त्यांच्या मागं चालत गेले.

ठकूबाईचं घर वस्तीच्या टोकाला. बाहेर गोविंदाची विझलेली भट्टी, तिच्यावर भोपळ्याचा वेल चढलेला. ऐरण मात्र तशीच होती, जमिनीत रोवलेली. ठकूबाईनं घोंगडी अंथरली, पण मामाजी बसले नाहीत. त्यांनी कनवटीची गाठ सोडली. एकदा, मग पुन्हा आवळली, मग सोडली. मी ते हात पाहिले आणि मान वळवली.

मग ते वाकले आणि रुपया ठकूबाईच्या हातावर न देता ऐरणीवर ठेवला. ठेवताना तो जरा उंचावरून सुटला आणि खणकन वाजला, चांगला, खऱ्या चांदीचा.

"गोविंदा," मामाजी म्हणाले, "दोन सुनेनं दिले, हा माहा. तीन झाले."

ठकूबाईनं तो उचलला, कपाळाला लावला आणि पदराच्या टोकाला बांधला. "पुरे झाले, भाऊ," ती म्हणाली.